पिंपातला फेस

मशीनवाल्याने पाणी ओढायच्या मशीनच्या दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या आणि झाकण उचलून बाजूला ठेवलं. मोटर झाकणातच होती, त्यामुळे ते जड होतं. खाली नुसतं पीप. पीप अर्ध्याच्या वर काळ्या, चिकट पाण्याने भरलेलं होतं. पाच मिनिटांपूर्वी हेच पाणी बाटल्या भरायच्या खोलीत जमिनीवर पसरलेलं होतं.

"देखो साब, अंदर कुछ नहीं है," तो श्यामसुंदर साहेबांना म्हणाला. "ना जाली, ना कपडा. फिर भी पानी नीचे, हवा ऊपर."

साहेब मान हलवत होते आणि घड्याळाकडे बघत होते. आम्ही पाच जणी पिंपाकडे बघतच नव्हतो. आम्ही जमिनीकडे बघत होतो. चांगुणाबाई आमच्यात सगळ्यांत मोठी. तिने वाकून फरशीला तळहात लावला, तो उलटा करून बघितला आणि लुगड्याला पुसायची गरज नसतानाही पुसला.

"सुकी हाय," ती म्हणाली. "मेलो आपन."

तुर्भ्याची ती कंपनी खोकल्याचं औषध बाटल्यांत भरायची. औषध साखरेच्या पाकासारखं. बाटली फुटली की जमिनीवर चिकटा पसरायचा आणि त्यावर माश्या बसायच्या. पाळी सुरू व्हायच्या आत सगळी फरशी धुऊन कोरडी झाली पाहिजे असा नियम होता. आम्ही सहा जणी उकिडव्या बसून पोत्याच्या तुकड्याने ती टिपायचो, बादलीत पिळायचो, पुन्हा टिपायचो. साबणाच्या पाण्याने बोटांच्या बेचक्या कायमच्या पांढऱ्या पडल्या होत्या. सगळ्या कंत्राटातल्या. कायम नोकरी एकीलाही नव्हती.

भागीरथी तेवढी पिंपात डोकावत होती.

"गिरेगी, बाई," मशीनवाला म्हणाला.

"पानी खाली राह्यलं तं राह्यलं," ती म्हणाली, "पन वारा वेगळा कसा झाला?"

मशीनवाल्याला बरं वाटलं असावं. साहेबांनी त्याला काहीच विचारलं नव्हतं. नळीतून हवा आणि पाणी जोरात येतात, पिंपात शिरताना या वाकड्या पत्र्यावर आपटतात, पीप रुंद म्हणून हवेचा जोर मोडतो, जोर मोडला की पाणी उचललं जात नाही आणि खाली पडतं, असं त्याने हात हलवून सांगितलं. मग झाकण उलटं करून त्याने मधला लहानसा पिंजरा दाखवला. त्यात चेंडूएवढा पोकळ गोळा होता. पीप भरलं की गोळा पाण्यावर तरंगत वर येतो आणि मोटरकडे जायचं तोंड बंद करतो. मशीनचा आवाज चढतो. मग बटण बंद करायचं, पाणी ओतायचं.

"लेकिन साब, झाग मत होने देना. झाग में ये गोला उठता नहीं. झाग सीधा मोटर में. उसका लिक्विड अलग आता है, मंगवा लीजिए."

"बघू," साहेब म्हणाले.

साहेबांनी विचारलं, कोण चालवणार. आम्ही पाच जणी मागे सरकलो. भागीरथी पुढे गेली असं नाही, ती होती तिथेच उभी राहिली.

भागीरथीची आणि माझी घरं एका गावात, मध्ये दोन दारं. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा दोघींच्या एकदमच गेल्या. संध्याकाळी आम्ही बरोबर चालत यायचो. त्या दिवशी रस्त्याला ट्रकांची रांग लागली होती आणि आम्ही कडेने चाललो होतो.

"वेनू, भात वारवताना बग," ती म्हणाली. "वाऱ्यात सूप धरलं तं पोकळ पोल उडून जातो. दाना पायाशी पडतो. वाऱ्याची ताकद दान्याला पुरत नाय. तसंच हाय ते. पिपात येऊन वारा दमतो."

"आनि फेस?"

"फेस म्हंजे पानी नि वारा चिकटून बसलेले. वेगळं व्हायला मागत नाय. गोळा त्याच्यावर तरंगत नाय, फेस बाजूनं चढतो आनि मोटरीत जाऊन फुटतो. मग पानी मोटरीत."

"मग साहेब आनणार ते लिक्विड?"

"कुठला आनतो तो," ती म्हणाली. थोडं चालल्यावर हसली. "भात उतू चालला की आपन काय करतो?"

"तेलाचा थेंब सोडतो."

"तोच मी सोडतंय. बाटलीतून आनलंय. पिपात पयलं एक चमचा गोडंतेल, मग बटन. फेस बसतो खाली कुत्र्यासारका. कोनाला बोलू नको. औषधाच्या खोलीत तेल बोलले तं बोंब करतील."

मी कोणाला बोलले नाही.

तिला मशीन का हवं होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. तिचा नवरा सिताराम चाळीस वर्षं मिठागरात होता. त्याच्या उजव्या पायाला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. आधी अंगठ्याला होती, मग तळव्याला. खासगी डॉक्टरकडे दोनदा गेले आणि तिसऱ्यांदा गेले नाहीत. साहेबांनी भागीरथीला सांगितलं होतं की सहा महिने मशीन नीट चाललं तर चालवणाऱ्याला कंपनीत कायम करू. कायम झालं की ईएसआयचं कार्ड. कार्ड झालं की घरच्या माणसालाही दवाखाना, मोठं हॉस्पिटल, इंजेक्शन, सगळं. ती महिने मोजत नव्हती, आठवडे मोजत होती.

सिताराम ओटीवर पाय पाटावर ठेवून बसायचा. वास यायचा. जाणारी येणारी बाई नाकाला पदर लावायची आणि त्याला ते दिसायचं.

"मिठानं मासळी टिकते," तो म्हणायचा. "माजा पाय चाळीस वरसं मिठात ठेवला, तो काय टिकला नाय. मासळीपेक्षा हलका माल."

पहिले काही आठवडे आम्हाला बरं वाटलं. वाकायचं काम कमी झालं. भागीरथी पुढे मशीन ओढायची, आम्ही मागून कोपरे पुसायचो. मग साहेबांनी एक दिवस आम्हाला ओळीत उभं केलं.

"एक तारखेपासून चार बायका कमी. भागीरथीबरोबर एक राहील डाग घासायला. कोण ते नंतर सांगतो."

चांगुणाबाईने विचारलं, "साहेब, आमचा काय चुकला?"

"चुकलं कोण म्हणतंय? मशीन चालतंय ना चांगलं. मग तुम्ही कशाला?"

जेवायच्या सुट्टीत आम्ही भिंतीकडेला बसलो. भागीरथी डबा घेऊन आली तेव्हा कोणी सरकलं नाही. ती उभी राहिली.

"ये गो मशीनवाली," चांगुणाबाई म्हणाली. "खुर्ची आनू का?"

"मी काय केलं?"

"तू काय नाय केलंस. तू नुसती पानी ओढतंस. पान्याबरोबर आमची चूलपन ओढली, तुला कळलं नाय एवढंच."

"मी नाय चालवलं तं दुसरा चालवील."

"दुसऱ्याच्या हातात मोडेल की," चांगुणाबाई म्हणाली. "बाजूच्या कंपनीत मोडलंच ना? चार दिवसात जळलं, बाया परत घेतल्या. तुज्याच हातात कसं जळत नाय? एकदा मोडूंदे, भागी. एकदाच. मशीनला काय पोरं हायत?"

भागीरथी डबा तसाच धरून उभी होती. "त्याचा पाय हाय, चांगुनाबाय," ती म्हणाली.

"पाय सडलाय. तो जायाचाच. आमची पोटं काय सडलेली हायत?"

भागीरथीने त्या दिवशी मशीनशेजारी बसून खाल्लं. त्यानंतर रोज तिथेच. आम्ही तिच्याशी बोलणं सोडलं. तिची चप्पल ओल्या बादलीत टाकणं, ती गेली की तिच्या चालण्याची नक्कल करणं, हे सगळं आम्ही केलं. मी पण केलं. संध्याकाळी मी दहा मिनिटं आधी निघायला लागले, म्हणजे बरोबर चालायला नको.

आता मुद्द्याचं. तिच्या हातात मशीन का जळत नाही, हे पाच जणींत मला एकटीला माहीत होतं. महिन्याचे सहा दिवस उरले तेव्हा ते मी चांगुणाबाईला सांगितलं.

चांगुणाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "चमचाभर तेल किती फेस मारील?"

"थोडा. जास्ती झाला तं नाय पुरायचं."

दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने घरून कपडे धुवायची पावडर आणली, पदराच्या टोकाला बांधून. पाच मुठी. टाकायला मी गेले, कारण भागीरथी झाकणाच्या कड्या कशी सोडते ते मी बघितलं होतं. भागीरथी नळावर ब्रश धूत होती. पिंपात तळाला तिचं तेल चकाकत होतं. मी पाच मुठी त्यावर रिकाम्या केल्या आणि झाकण लावलं. कडी बसेना, तेव्हा गुडघ्याने दाबली.

तिने मशीन सुरू केलं. अर्धी खोली झाली. मग मोटरीच्या वरच्या भोकांतून पांढरा फेस आला. दूध उतू जातं तसा हळू, गोल. भागीरथीने मागे वळून बघितलं. तिला वाटलं असेल आवाज चढेल. आवाज चढला नाही, घोगरा झाला. जळक्या रबराचा वास आला. बटण मशीनवर, फेसात होतं. ती भिंतीकडे धावली आणि ओल्या हाताने पिन ओढली. धक्क्याने ती खाली बसली. उजव्या हाताची दोन बोटं काळी झाली होती. ती बोटं तोंडात घालून मशीनकडे बघत बसली. आमच्यातली कोणी उठवायला गेली नाही.

साहेब आले आणि त्यांनी आधी मोटरीला हात लावून बघितला.

कंपनीचा मेकॅनिक आला, झाकण उघडलं. फेस बसला होता, पाण्यावर तेलाचे गोल फिरत होते. त्याने बोट बुडवून वास घेतला.

"तेल आहे यात," तो म्हणाला.

साहेबांनी सगळ्यांना ऑफिसच्या बाहेर उभं केलं.

"तेल कोणी टाकलं?"

"मीच घालतंय साहेब," भागीरथी म्हणाली. "रोज. फेस बसतो त्यानं."

"फेस बसतो? एवढा फेस आला, मोटर जळली, आणि तू मला सांगतेस फेस बसतो?"

"आज कसा आला ते—"

"बाटली कुठे आहे?"

तिने पिशवीतून काढून दिली. औषधाचीच लहान बाटली होती, तोंडाला टवका गेलेली, टाकाऊ ढिगातली.

"ही बाटली कंपनीची," साहेब म्हणाले. मेकॅनिककडे बघून ते हसले. "बघा. चोरीची बाटली, त्यात तेल, ते औषधाच्या खोलीत. आणि हिला आपण कायम करणार होतो." मग आमच्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं हे?"

चांगुणाबाई जमिनीकडे बघत होती. बाकीच्या तिघी चांगुणाबाईकडे. साहेब माझ्याकडे बघत होते.

"आमी सांगितलेलं तिला," मी म्हणाले. "तेल नको घालू म्हनून. ऐकली नाय."

भागीरथीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मशीनचं झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा ती पिंपात बघत होती तसं बघितलं, आत काय झालं ते कळून घ्यायला. मग परत साहेबांकडे तोंड करून उभी राहिली. तिने दुसरं काही सांगितलं नाही. साहेबांनी तिला तिथूनच घरी पाठवलं. तिचा डबा राहिला होता, तो चौकीदाराने गेटवर नेऊन दिला.

मशीन दुरुस्तीला ठाण्याला गेलं. आठ दिवस आम्ही पोत्याने फरशी पुसली. ते आठ दिवस आम्ही फार हसलो. चांगुणाबाईने मशीनची नक्कल केली, गाल फुगवून, फेस काढून. बादल्या सांडेपर्यंत हसलो. एक तारीख येऊन गेली, कोणी कमी झालं नाही. जिंकलो असं वाटलं.

नवव्या दिवशी मशीन नवी मोटर घालून परत आलं. बरोबर सुभाष नावाचा एक मुलगा आला, आयटीआय झालेला, साहेबांच्या ओळखीतला. साहेबांनी आम्हाला पुन्हा ओळीत उभं केलं. चौघी कमी. मला ठेवलं.

"ही बरी आहे," साहेब म्हणाले. "खरं बोलते."

चांगुणाबाई माझ्या अगदी जवळून गेली. जाताना पदराचं टोक झटकून गेली. पावडर उरली असेल तर झटकावी तसं.

सुभाषच्या वेळी मात्र लिक्विडचे डबे आले. पहिल्या दिवशी त्याने टोपण उघडून मला हुंगायला दिलं.

"काय वाटतं वेणूबाई?"

"तेलासारका वास हाय."

"तेलच आहे यार. नाव वेगळं, डबा वेगळा. कसलं टेन्शन घ्यायचं." त्याने ते मोजून पिंपात ओतलं. फेस खाली बसला.

दीड वर्षाने युनियनने जोर लावला आणि कंपनीने मदतनिसांनाही कायम केलं. मला कार्ड मिळालं. माझ्या घरात तेव्हा कोणी आजारी नव्हतं. माझा नवरा सदू बैलासारखा धडधाकट होता.

तोवर सितारामचं पाऊल कापलं होतं. सरकारी इस्पितळात, उशिरा. कापलेली जागा भरत नव्हती. भागीरथीची ती दोन बोटं आखडली होती, त्या हाताने पोतं पिळता येत नव्हतं, म्हणून कोणी कामाला घेत नव्हतं. ती बाजार उठल्यावर पडलेली भाजी निवडून आणायची. एका संध्याकाळी माझ्या दारात आली. आत बोलावलं तर आली नाही.

"वेनू, तुज्या कार्डावर पट्ट्या भेटतात का? नि मलम?"

"भेटतात."

"सदूच्या नावावर घेशील का? त्याच्या पायाला लागलंय सांग."

मी घेतलं. दवाखान्यात सदूला घेऊन गेले, त्याने मुद्दाम पायाला दगडाने खरचटून घेतलं होतं. पट्ट्या मिळाल्या, मलम मिळालं. मी तिच्या घरी नेऊन दिलं. सिताराम म्हणाला, "सदूला सांग, दुसरा पाय सांभाळ. एकाच्या कार्डावर दोघं लंगडे नको." दुसऱ्यांदा नेलं. तिसऱ्यांदा नेलं. मला बरं वाटायला लागलं होतं. दवाखान्यातून येताना मी पिशवी हातात दिसेल अशी धरायचे.

चौथ्यांदा गेले तेव्हा ती सितारामची पट्टी सोडत होती. कापड जखमेला चिकटलं होतं, ती त्यावर कोमट पाणी सोडत होती आणि ओढत नव्हती, नुसती वाट बघत होती. मी पट्ट्या पाटावर ठेवल्या.

"वेनू," ती वर न बघता म्हणाली, "फेसाचं मी तुलाच एकटीला सांगितलेलं."

मी पाटावरच्या पट्ट्या सरळ करत राहिले.

"साहेबाला सांगितलं असतं तं तुलापन काढली असती," ती म्हणाली. "मना कुठं परत घेणार होते." मग पट्टी सुटली. तिने ती हळूच गुंडाळून बाजूला ठेवली आणि सितारामला विचारलं, "दुखलं?"

"नाय," तो म्हणाला.

मी घरी आले. रात्री सदूने विचारलं, पुढच्या वेळी कधी जायचं दवाखान्यात, म्हणजे तेवढं खरचटून घेतो. मी म्हणाले, आता देत नाहीत. तो म्हणाला, असं कसं देत नाहीत. मी म्हणाले, नाही देत ना, सांगितलं एकदा. दवाखान्यात पट्ट्या पूर्वीसारख्याच मिळत होत्या. मीच गेले नाही. एवढंच नाही, कामावर जायचा रस्ता बदलला. ती आपणहून मागायला आली असती तर मी दिल्या असत्या, असं मी स्वतःला सांगायचे. ती पुन्हा आली नाही.

पावसाळ्यात माझ्या रस्त्यावर गुडघाभर चिखल झाला, तेव्हा एकदा तिच्या दारावरून जावंच लागलं. दार लोटलेलं होतं. ओटीच्या छपराखाली पाऊस लागणार नाही अशी तार बांधली होती आणि तिच्यावर पट्ट्या वाळत घातल्या होत्या. मीच दिलेल्या. धुऊन धुऊन इतक्या विरल्या होत्या की पलीकडची भिंत दिसत होती. त्यांवरचे डाग गेले नव्हते, फिकट झाले होते. ज्या वाळल्या होत्या त्या काढून ओटीवर घट्ट गुंडाळून ठेवल्या होत्या, कडेला कड लावून, एका ओळीत.

आतून तिने विचारलं, "कोन हाय गो?"

मी छत्री तोंडावर खाली घेतली आणि पुढे गेले.